जिना कोणाच्या मालकीचा?

बंगळुरूच्या दक्षिणेस, बेगूरच्या बाजूला, देवरचिक्कनहळ्ळी म्हणून जे एके काळचे खेडे आणि आजचे दाट वस्तीचे उपनगर आहे, तेथील एका निवासी इमारतीत २१ सप्टेंबर २०२१ रोजी दुपारी आग लागली आणि तीत एक वृद्ध माता व तिची कन्या अशा दोघी मृत्युमुखी पडल्या. शहरात आगी लागतात, माणसे दगावतात, वर्तमानपत्रांत दोन दिवस मजकूर येतो आणि तिसऱ्या दिवशी रहदारीच्या आणि पाणीटंचाईच्या बातम्यांखाली तो दडपून जातो. परंतु ही घटना तशी दडपली गेली नाही, याचे कारण तिचे चित्रण शेकडो लोकांनी पाहिले. ज्वाळांनी वेढलेल्या सज्जात एक स्त्री उभी होती, खाली शेजारीपाजारी जमले होते, ओरडा चालू होता, आणि तरीही तिला बाहेर काढणे कोणालाच साधले नाही, कारण त्या सज्जाला लोखंडी जाळी ठोकलेली होती. अशा जाळ्या आपण चोरांच्या, माकडांच्या, कबुतरांच्या आणि लहान मूल खाली पडेल या भीतीने बसवतो, आणि त्या भीती काही खोट्या नसतात. फक्त ज्या दिवशी घरातल्या माणसालाच बाहेर पडायचे असते, त्या दिवशी जाळीला हा फरक समजत नाही.

अग्निसुरक्षेवरील बहुतेक लेखन वाचताना असा ग्रह होतो की, आपल्या इमारती बांधणाऱ्यांनी सुटकेची वाट ठेवायचे विसरूनच त्या बांधल्या. काही ठिकाणी तसे घडलेही असेल. तथापि या विषयाचा थोडा पाठपुरावा केल्यावर प्रस्तुत लेखकाचे मत निराळे बनले आहे: वाट बहुधा ठेवलेली असते, आराखड्यात ती रेखलेली असते, नगरपालिकेच्या शिक्क्यासह मंजूरही झालेली असते, आणि नंतर ती दुसऱ्या कुठल्या तरी भीतीपायी किंवा चार चौरस फूट जागेच्या लोभापायी हळूहळू बुजवली जाते. बुजवणारे हात कधी घरमालकाचे असतात, कधी भाडेकरूचे, आणि पुष्कळदा दोघांचेही. मात्र जाब विचारायची वेळ आली म्हणजे ते हात एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून या प्रकरणात आगीच्या शास्त्राइतकाच मालक आणि भाडेकरू यांच्यातील नात्याचा विचार करावा लागेल.

शास्त्रापुरते आधी पाहू. घरगुती आगीत माणसे जळून मरतात ही लोकसमजूत आहे. प्रत्यक्षात ती फार मोठ्या प्रमाणात धुराने गुदमरून मरतात, आणि ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या आधीच मरतात. अपुऱ्या हवेत गाद्या, पडदे, फोम आणि प्लास्टिक जळू लागले म्हणजे जो कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो, तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याच्या प्रभावाखालील मनुष्य घाबरण्याऐवजी गुंगतो, दाराची कडी समोर असून ती काढण्याचे त्याला सुचत नाही. ओला रुमाल नाकाशी धरावा हा उपदेश काजळी आणि धुरातील बोचरे कण अडवण्यापुरता योग्य आहे, पण या वायूला ओले कापड अडवत नाही, ही गोष्ट पुष्कळ पत्रकांत सांगायची राहून जाते. धूर तापलेला असल्याने तो छतालगत पसरतो व वरून खाली उतरत येतो, म्हणून वाकून किंवा रांगत जाणाऱ्याला श्वासापुरती हवा काही काळ मिळते. आणि त्याच कारणाने इमारतीतील प्रत्येक उभी पोकळी, मग ती जिन्याची असो, लिफ्टची असो वा विजेच्या तारा वाहून नेणाऱ्या डक्टची असो, धुराच्या दृष्टीने धुराडेच असते.

जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्स या व्यापारी इमारतीने २३ फेब्रुवारी २०१० रोजी हा धडा बंगळुरूला दिला. आग विजेच्या तारांच्या डक्टमध्ये लागली आणि तेथून धूर वरच्या मजल्यांवर भरला. बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या व बंद होत्या, आणि नऊ माणसे काही गुदमरून, तर काही खिडक्यांतून उड्या टाकून प्राणास मुकली. आगीचे क्षेत्र पाहता ती मोठी आग म्हणता येणार नाही. पुढे बरोबर एका महिन्याने, २३ मार्च रोजी, कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरील स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीत ४३ जण मरण पावले, आणि त्यांतील अनेकांचे देह गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात, कुलूपबंद वाटेशी सापडले. कार्लटनमध्ये आप्त गमावलेल्यांनी पुढे ‘बियॉन्ड कार्लटन’ ही संस्था उभी केली. २०११ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने अग्निसुरक्षेसंबंधी आदेशही काढला. मात्र तो अंमलात यावा म्हणून या संस्थेला उच्च न्यायालयात जावे लागले. आदेश निघणे आणि तो अंमलात येणे यांच्यातील अंतर आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे असल्यामुळे त्यावर अधिक भाष्य करीत नाही.

संकटकाळी निसटण्यासाठी इमारतीला दुसरी वाट असावी, हा विचार कायद्यात आला तो न्यूयॉर्कमधील भाड्याच्या चाळींमुळे. तेथे एल्म स्ट्रीटवरील एका भाडेकरूंच्या इमारतीला १८६० मध्ये आग लागली, एकमेव जिना जळाला, वरच्या मजल्यांवरील कुटुंबे अडकली, आणि त्यानंतर इमारतींना बाहेरच्या बाजूने लोखंडी जिने लावण्याचा कायदा झाला. चित्रपटांतून आपण पाहतो ते विटांच्या भिंतींवरचे नागमोडी जिने ते हेच. परंतु जिना लावल्याने काम संपत नाही हेही त्याच शहराने पाहिले: २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल नावाच्या शर्टवेस्टच्या कारखान्यात १४६ कामगार, बहुतांशी तरुण मुली, मेले, कारण एका जिन्याच्या दाराला कुलूप होते आणि बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला.

आपल्याकडे दुसरी वाट आली ती मात्र आगीच्या भीतीने आली नाही. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे जे गोल, लोखंडी, गंजके जिने अजून दिसतात, ते सफाई कामगारांनी पुढच्या जिन्याने येऊ नये, या सामाजिक दंडकातून उभे राहिले. बंगळुरूत १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वसाहती नावारूपास आल्या; अशा वसाहतींत घरांच्या ओळींमागून अरुंद गल्ल्या सोडलेल्या होत्या, त्यांचाही हेतू मैला आणि कचरा वाहून नेण्याचा. हेतू लाजिरवाणा होता, पण त्याच्या पोटी प्रत्येक घराला मागचे दार आणि त्या दाराला एक मोकळी गल्ली लाभली होती, हे नाकारण्याचे कारण नाही. भुयारी गटारे आली, हेतू संपला, आणि हेतूबरोबर दारही बुजले. गल्ल्यांत कुठे पत्र्याची पडवी उभी राहिली, कुठे जनरेटर बसला. एका अन्यायातून नकळत निर्माण झालेली सोय, तो अन्याय दूर करताना आपण जाणीवपूर्वक टिकवायला हवी होती.

आता नियमांकडे वळू. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम प्रसिद्ध झाली, तिची सध्याची आवृत्ती २०१६ ची असून तिचा चौथा भाग अग्नी व जीवित यांच्या सुरक्षेस वाहिलेला आहे. ही संहिता स्वतः कायदा नव्हे. राज्याच्या आणि नगरसंस्थेच्या उपविधींतून तिला बळ मिळते. तिच्यातील काही अपेक्षा घरमालकाने आणि भाडेकरूनेही पाठ कराव्यात अशा आहेत. पंधरा मीटर किंवा त्याहून उंच इमारतीला किमान दोन जिने हवेत. जिन्याच्या पायऱ्या निवासी इमारतीत १९ सेंटीमीटरपेक्षा उंच आणि २५ सेंटीमीटरपेक्षा अरुंद असू नयेत. बाहेर पडण्याचा दरवाजा बाहेरच्या बाजूस उघडावा आणि जिन्याची वाट अडवू नये. लिफ्टची गणना सुटकेच्या वाटेत करायची नाही, मग तिला कितीही आरसे लावलेले असोत. चोवीस मीटरच्या वर उंच गेलेल्या इमारतीत रहिवाशांना थांबून मदतीची वाट पाहता येईल असे आश्रयस्थान हवे; या जागेवर पुढे कोणाच्या तरी फुलझाडांच्या कुंड्या, मग झोपाळा, आणि शेवटी काचेच्या भिंती येतात हा अनुभव मुंबईकरांना नवा नाही.

बाहेरच्या लोखंडी जिन्याविषयी २००५ च्या आवृत्तीत जे सांगितले आहे ते त्यातील व्यवहारज्ञानामुळे वाचण्यासारखे आहे. असा जिना आतल्या मुख्य जिन्यापासून दूर आणि स्वतंत्र असावा, म्हणजे एकच धूर दोन्ही वाटा बंद करणार नाही. तो न जळणाऱ्या साहित्याचा असावा. त्याच्याकडे जाणारी वाट सदैव अडथळ्यावाचून असावी. आणि गोल जिना हवाच असेल तर तो नऊ मीटरपर्यंतच्या, थोड्या माणसांच्या इमारतीपुरताच, व्यासाने दीड मीटरहून कमी नसलेला असावा. गोल जिन्यावरील हा कटाक्ष का, हे ज्याने कधी म्हाताऱ्या माणसाला हात धरून असल्या जिन्याने उतरवले आहे त्याला सांगावे लागणार नाही: आतल्या बाजूला पायरी निमुळती होत जाते, दोघांना शेजारी शेजारी उतरता येत नाही, आणि वरच्याला घाई असली तर खालच्याचा तोल जातो.

पण या सगळ्या अपेक्षांत एक मोठी फट आहे, आणि बंगळुरूचा सामान्य भाडेकरू नेमका त्या फटीत राहतो. संहितेची करडी नजर पंधरा मीटरपासून सुरू होते. या शहरातील भाड्याची घरे मात्र मोठ्या संख्येने तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब, किंवा त्याहूनही लहान अशा भूखंडांवरील चार-पाच मजली इमारतींत असतात: खाली वाहनतळ, वर एकेका मजल्यावर एक किंवा दोन घरे, सर्वांत वर मालक, आणि या सर्वांना जोडणारा एकच जिना. पंधरा मीटरला चार बोटे कमी असा आराखडा काढण्यात आपल्या वास्तुरचनाकारांनी जे नैपुण्य संपादन केले आहे, त्याचे वेगळे कौतुक करायला हवे. अशा इमारतीत मंजूर मजल्यांवर आणखी एक मजला चढलेला असतो, बाजूची सोडायची जागा भिंतीपर्यंत भरलेली असते, आणि अशा बांधकामांना दंड घेऊन नियमित करणारी ‘अक्रम-सक्रम’ योजना कधीतरी येईल या आशेवर मालक निर्धास्त असतो. खाली, त्या एकमेव जिन्याच्या पायथ्याशी, सर्व घरांचे वीजमीटर एका फळीवर लावलेले असतात. त्यांना टेकून दुचाक्या उभ्या असतात. आणि अलीकडे त्यांतील एखादी विजेवर चालणारी, रात्रभर लांब तारेने चार्जिंगला लावलेली असते. आगीने कुठून सुरुवात करावी, असे तिला विचारले असते, तर तिने दुसरी जागा मागितली नसती.

जुन्या पेठांत स्थिती याहून कठीण आहे. शहाजीराजांकडे बंगळुरूची जहागीर आल्यापासून ज्या शहरात मराठी घराण्यांचा वावर राहिला आणि ज्याच्या पेठांतून आजही भावसार व नामदेव शिंपी समाजांची घरे आहेत, त्या शहराच्या चिक्कपेठ, नगरथपेठ भागांत एकाच इमारतीत खाली दुकान, मध्ये गुदाम किंवा लहानसा कारखाना आणि वर बिऱ्हाड, ही रचना परंपरेनेच चालत आलेली आहे. १६ ऑगस्ट २०२५ रोजी पहाटे नगरथपेठेतील अशाच एका इमारतीला आग लागून लहान मुलांसह पाच जण मेले. खाली प्लास्टिकच्या पायपुसण्यांचा व्यवसाय होता, वर कुटुंब झोपलेले होते. पूर्वीच्या काळी खालच्या दुकानात कापडाचे तागे किंवा धान्याची पोती असत, ती जळायला वेळ लागे. आज त्याच खोलीत प्लास्टिक आणि फोम असतो आणि वर झोपलेल्याला मिळणारा अवधी काही मिनिटांवर आलेला असतो. ज्या इमारतीत खाली ज्वालाग्राही मालाचा साठा आहे आणि वर जायला तोच एक जिना आहे, तेथील घर भाड्याने देणे आणि घेणे, दोन्ही टाळावे, यापलीकडे अशा ठिकाणी सांगण्यासारखा नियम नाही.

मग कायद्याने जबाबदारी कोणाची? कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा बंगळुरूत दरमहा साडेतीन हजार रुपयांहून अधिक भाड्याच्या घरांना लागू होत नाही, आणि एवढ्या भाड्यात आज या शहरात खोली मिळणेही दुरापास्त असल्यामुळे, बहुतेक भाडेव्यवहार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या आश्रयाला येतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील या अधिनियमाचे १०८ वे कलम मालक-भाडेकरूंनी एकदा सावकाश वाचावे अशी शिफारस मी अनेकांना केली आहे व तिचा उपयोग कोणी केल्याचे आढळले नाही. उभयतांत वेगळा करार नसेल तर, जागेत असलेला गंभीर दोष, जो मालकाला ठाऊक आहे आणि भाडेकरूला साध्या पाहणीत दिसण्यासारखा नाही, तो मालकाने उघड केला पाहिजे. भाडेकरूने जागा समंजस माणसाने स्वतःची वापरावी तशी वापरली पाहिजे, मालकाच्या संमतीवाचून तीत कायमचे बांधकाम करता कामा नये, आणि त्याच्यामुळे काही बिघडले तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत ते दुरुस्त केले पाहिजे. आगीचा तर या कलमात नावानिशी उल्लेख आहे: आगीने जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला तर भाडेपट्टा रद्द समजण्याचा अधिकार भाडेकरूला आहे, मात्र ती हानी त्याच्याच चुकीने झालेली नसावी. मागचे दार बाहेरून भिंत घालून बंद केलेले असणे, किंवा गच्चीची किल्ली केवळ मालकाजवळ असणे, हा ‘गंभीर दोष’ होय असे माझे मत आहे. न्यायालय काय म्हणेल ते प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावर अवलंबून राहील.

सदनिकांच्या मोठ्या संकुलांत आणखी एक दस्तऐवज बोलतो. कर्नाटकाचा १९७२ चा सदनिका मालकी कायदा सामायिक जागांची यादी देताना पाया, खांब, छत यांच्या बरोबरीने मार्गिका, जिने आणि आगीतून सुटकेचे जिने यांचा स्पष्ट उल्लेख करतो. या सामायिक जागांची वाटणी मागता येत नाही, आणि प्रत्येक सदनिकाधारकाने त्यांचा वापर इतरांच्या हक्काला बाध न आणता करायचा असतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील सद्गृहस्थ जेव्हा आपल्या दारासमोर चपलांचे कपाट, त्यावर तुळशीची कुंडी, शेजारी मुलाची जुनी सायकल आणि दुधाच्या पिशव्यांची टोपली अशी प्रतिष्ठापना करतात, तेव्हा ते आपल्या जागेचा उपयोग करीत नसून वरच्या साऱ्या मजल्यांच्या जागेवर अतिक्रमण करीत असतात. सोसायटीच्या सभेत हे बोलण्याचे धाडस फार थोडे लोक करतात, कारण प्रत्येकाच्या दारासमोर काही ना काही असतेच.

महाराष्ट्राने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले आहे. तेथील २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम मालक आणि भोगवटादार या दोघांनाही जबाबदार धरतो, आणि यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, सादर करायला लावतो. कागद सादर होणे म्हणजे पंप चालू असणे नव्हे, हे मुंबईतील अनेक आगींनी सिद्ध केले असले, तरी सहा महिन्यांनी कोणीतरी जिना चढून पाहतो, याला काही किंमत आहेच.

बंगळुरूचा करार अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होते आणि ती कोणालाच नको असते. त्या करारात अनामत रकमेचा, जिला येथे सरसकट ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात आणि जी पूर्वी दहा महिन्यांच्या भाड्याइतकी घेण्याचा रिवाज होता, सविस्तर उल्लेख असतो. घर सोडताना रंगासाठी एका महिन्याचे भाडे कापले जाईल हे असते. भिंतीला खिळे ठोकू नयेत, मांसाहार करू नये, पाहुणे किती दिवस राहावेत हेही पुष्कळदा असते. जिन्याविषयी अवाक्षर नसते. एका परिचिताचा असा करार वाचताना नळाच्या तोट्यांची संख्या दोन ठिकाणी नमूद केलेली मला आढळली, पण सज्जाच्या जाळीला दार आहे की नाही याचा पत्ता त्यातून लागला नाही.

तेव्हा करारात काय लिहून घ्यावे? मालकाने असे मान्य करावे की, जिना, त्याचा पायथा आणि गच्चीकडे जाणारी वाट तो मोकळी ठेवील. मीटरच्या फळीजवळ वाहने वा सामान ठेवू देणार नाही. घरात गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण बसवून देईल. जाळीला आतून उघडणारे दार करून देईल, व तो खर्च त्याचा राहील. भाडेकरूने मान्य करावे की, तो या वाटांवर काही ठेवणार नाही, परवानगीवाचून नवी जाळी किंवा लोखंडी दार बसवणार नाही, मंजूर भारापेक्षा जास्त विजेची उपकरणे एका जोडणीवर लावणार नाही, गॅसच्या रबरी नळीची मुदत संपताच ती बदलील, आणि दोष दिसताच लेखी कळवील. लेखी, हा शब्द महत्त्वाचा आहे. फोनवर सांगितलेले दोन्ही पक्ष सोयीने विसरतात. आणि मालकाला हे सारे जाचक वाटत असेल तर त्याला एवढेच स्मरण द्यावे की, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आणि अग्नीसंबंधी हयगय केल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेत कायम आहे.

जाळीच्या दाराबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण एवढ्या एका गोष्टीने जीव वाचण्याचा संभव इतर साऱ्या उपकरणांपेक्षा अधिक आहे. जाळी काढून टाका, हा सल्ला कोणी ऐकणार नाही, आणि लहान मूल असलेल्या घरात तो देऊही नये. परंतु जाळीचा एक भाग, मोठा मनुष्य वाकून बाहेर पडू शकेल एवढा, बिजागरीवर उघडणारा करता येतो. कोणताही वेल्डिंगवाला तो एका दिवसात करून देतो. तो बाहेरच्या दिशेने उघडावा, त्याखाली निदान उभे राहण्यापुरता आधार असावा, आणि शक्य असल्यास तो शिडी लावता येईल अशा, रस्त्याकडील बाजूस असावा. त्याला कुलूप हवेच असेल तर किल्ली त्याच खोलीत, बाहेरून हात पोहोचणार नाही पण आतून अंधारातही सापडेल अशा खिळ्याला अडकवलेली असावी. पाहुण्यांनाही ती ठाऊक असावी. खरी अडचण यापुढे येते. दिवाळीच्या आधी रंगारी येतो, सबंध जाळीला एनॅमल रंगाचे दोन हात देतो, आणि त्यात बिजागरी, कडी आणि कुलूप एकजीव होऊन जातात. दिसायला दार राहते, उघडायला राहत नाही. म्हणून रंग दिल्यावर आणि पावसाळा सरल्यावर ते एकदा उघडून, बिजागरीत तेल घालून पाहावे. पुढच्या बाजूचे जे जाळीदार सुरक्षा-दार असते त्यालाही रात्री आतून कुलूप लावण्याऐवजी किल्लीवाचून उघडणारी कडी असावी, आणि मालकाने भाडेकरूंच्या सुरक्षिततेसाठी म्हणून तळमजल्याच्या मुख्य दाराला रात्री अकराला कुलूप लावायची प्रथा पाडली असेल, तर त्याची एक किल्ली प्रत्येक घरात असल्याशिवाय ती मान्य करू नये. नोकरदार तरुण-तरुणींसाठी चालवल्या जाणाऱ्या पीजींत हा प्रकार सर्रास आढळतो. तेथे राहणाऱ्याने प्रवेश घेताना जेवणाबद्दल विचारतो तितक्याच निःसंकोचपणे ही किल्ली मागावी.

प्रत्यक्ष आगीच्या वेळी काय करावे, हे रात्री दोन वाजता, दिवे गेलेले असताना आठवेल इतके थोडके असले पाहिजे. खोलीचे दार उघडण्याआधी ते हाताच्या मागच्या बाजूने चाचपावे. गरम असेल तर उघडू नये. थंड असेल तर बाहेर पडावे, जाताना मागे दार ओढून घ्यावे, कारण बंद दार धुराला आणि हवेला दोघांनाही अडवते, आणि दागिने किंवा लॅपटॉप यांसाठी परत फिरू नये. जिन्यात खालून धूर येत असेल तर त्यात शिरू नये. घरात परतून, दाराच्या फटींत ओली कापडे कोंबून, रस्त्याकडील खिडकीशी थांबावे आणि तेथून हाक द्यावी. परप्रांतीय भाडेकरूने कन्नडमध्ये ‘बेंकी, बेंकी’, म्हणजे ‘आग, आग’, असा पुकारा केला तर शेजार लवकर जागा होईल. गच्चीकडे जाण्याचा मोह तेव्हाच धरावा जेव्हा तिचे दार उघडे असल्याची खात्री असेल.

आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन केल्यावर पत्ता सांगताना, या शहरात ‘चौथा क्रॉस’ आणि ‘सातवा मेन’ अशी रस्त्यांची नावे प्रत्येक लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, नव्याने सुरू होतात हे ध्यानात ठेवून, आधी लेआउटचे नाव, मग टप्पा किंवा ब्लॉक, मग मेन आणि क्रॉस, आणि शेवटी जवळची ठळक खूण सांगावी. मजला आणि अडकलेल्यांची संख्या त्याच दमात सांगावी. राज्याच्या अग्निशमन दलाकडे ९० मीटर उंच जाणारी शिडी आहे, पण तीस फुटांच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असतील तर ती शिडी वाहणारे वाहन आत वळू शकत नाही. त्यामुळे घर पाहायला जाल तेव्हा रविवारी दुपारी न जाता, लोक कामावरून परतून वाहने लावून मोकळे झाल्यावर, रात्री नऊच्या पुढे एकदा जावे, आणि बंब आपल्या दारापर्यंत कसा येईल ते रस्त्याच्या तोंडापासून चालत पाहावे.